सेट करणे, सेट होणे : पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील कामाच्या मराठीच्या अभ्यासाची प्रस्तावना

भोसरीच्या एमआयडीसीत किंवा चाकणच्या आंबेठाण चौकात विजेच्या खांबावर, टपरीच्या पत्र्यावर एक पाटी हमखास दिसते : 'पाहिजेत – सीएनसी सेटर, व्हीएमसी ऑपरेटर, हेल्पर.' खाली मोबाइल नंबर, क्वचित 'राहण्याची सोय'. फिटर, टर्नर, वेल्डर यांना सरकारदरबारी मराठी नावे मिळालेली आहेत. आयटीआयच्या कागदपत्रांत ते अनुक्रमे जोडारी, कातारी आणि संधाता होतात. सेटरला तसे काही मिळाले नाही. फिटर-टर्नरसारखा तो आयटीआयचा जुना ट्रेडच नव्हे. तो कारखान्यात घडतो. आधी हेल्पर, मग ऑपरेटर, मग एखादा जुना सेटर त्याला हाताखाली घेतो आणि काही वर्षांनी पगाराच्या स्लिपवरचा हुद्दा बदलतो. पट्ट्यात त्याची पत मोठी असते. त्याचा हुद्दा ज्या इंग्रजी क्रियापदावरून आला, त्या 'सेट'चा हात धरून या अभ्यासात शिरावे, असे मी नव्या वाचकाला सुचवीन. 'सेट' म्हटल्यावर ज्यांना प्राध्यापकीची पात्रता परीक्षा आठवली त्यांचेही स्वागत आहे. किंबहुना ते लोक इकडे फारसे फिरकत नाहीत म्हणूनच ही प्रस्तावना लिहायची.

या क्षेत्राला मी 'कामाची मराठी' म्हणतो. घरची मराठी, शाळेची मराठी, वर्तमानपत्राची मराठी यांचा अभ्यास आपल्याकडे बराच झाला. बोलींची सर्वेक्षणे झाली, डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेने ती आजच्या साधनांनी केली. पण माणूस दिवसाचे आठ तास, ओव्हरटाइम धरून बारा तास, ज्या भाषेत जगतो तिच्याकडे आपण एक तर विनोद म्हणून पाहिले किंवा बिघाड म्हणून. या दोन्ही नजरा आळशी आहेत. 'इंग्रजी शब्द घुसले' एवढे म्हटले की पुढे काही ऐकायचे राहत नाही, आणि ऐकण्यासारखे तर सगळे त्यापुढेच आहे.

पट्टाच का, याचे उत्तर सोपे आहे. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि साठच्या दशकात आकुर्डी, चिंचवड, भोसरीच्या माळावर बजाज, टेल्को आणि त्यांना माल पुरवणारी शेकडो वर्कशॉपे उभी राहिली. टेल्कोचा पुण्याचा कारखाना उभारणारे सुमंत मूळगावकर यांनी गाड्यांच्या आधी माणसे तयार करण्यावर भर दिला. तिथल्या शिकाऊ मुलांनी पुढे स्वतःची वर्कशॉपे काढली आणि टेल्कोतली बोली सोबत नेली. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. कांद्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणला १९९९ मध्ये बजाजचा, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचा कारखाना सुरू झाला. म्हणजे साधारण साठ वर्षांत इथे तीन पिढ्या यंत्रावर उभ्या राहिल्या. भाषेत एखादा शब्द रुजतो कसा, त्याला प्रत्यय कुठून लागतात, त्याचा अर्थ कुठे वळतो, हे पाहायला इतका आटोपशीर आणि इतका गजबजलेला मुलूख दुसरा सापडणे कठीण.

आता 'सेट'कडे. इंग्रजीत हे क्रियापद भलतेच पसरलेले आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच क्रियापदाची होती. त्याचे ४३० अर्थ तिथे नोंदवलेले आहेत. पुढच्या आवृत्तीच्या कामात 'रन' या क्रियापदाने ६४५ अर्थांनिशी तो मान हिरावून घेतला, आणि यंत्रांच्या युगात 'धावणाऱ्या' क्रियापदाने 'बसवणाऱ्या' क्रियापदाला मागे टाकावे हे साहजिकच म्हणायचे. बसवणारे म्हणतो, कारण 'सेट'चा मूळ अर्थ तोच आहे. इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' हे त्याचे जुने प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. संस्कृतातला सद् धातू याच गोतातला. सदन, संसद, परिषद हे सगळे त्या धातूचे. (सोफासेट, टूल सेट, चहाचा सेट यांतला 'सेट' मात्र निराळा. तो जुन्या फ्रेंचमधून 'गट' या अर्थाने आला आणि इंग्रजीतच या क्रियापदात मिसळून गेला. पट्ट्यात दोन्ही नांदतात, आणि 'सॉकेटचा सेट आण' व 'सॉकेट सेट कर' यांत कोणाचा घोटाळा होत नाही.)

म्हणजे पाहा, मराठीत 'बसवणे' हे अगदी त्याच घडणीचे क्रियापद आधीपासून हजर होते. बसणे-बसवणे. मग 'सेट करणे' कशाला लागले? शब्द नव्हता म्हणून उसना घेतला, हे नेहमीचे उत्तर इथे चालत नाही. उत्तर हवे असेल तर एखादे व्हीएमसी मशीन, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणारे उभ्या स्पिंडलचे यंत्र, सेट होताना शेजारी उभे राहायला हवे.

नवा जॉब लागणार आहे. सेटर आधी टेबल चिंधीने पुसतो, बोटाने चाचपून एखादी बर, म्हणजे धातूची कीस, चिकटली नाही ना ते पाहतो. फिक्स्चर उचलून टेबलावर ठेवतो, टी-नट सरकवतो, बोल्ट हलकेच आवळतो. स्पिंडलला डायल लावतो आणि टेबल एका दिशेने सरकवत काट्याकडे पाहतो. काटा हलला की नायलॉनच्या हातोडीने फिक्स्चरला कोपऱ्यावर एक ठोका. पुन्हा सरकव, पुन्हा ठोका. काटा जागचा हलेनासा झाला की बोल्ट पक्के आवळतो. 'बसलं,' म्हणतो. इथपर्यंतची क्रियापदे मोजा : पुसणे, चाचपणे, ठेवणे, सरकवणे, आवळणे, ठोकणे, बसणे. सगळी घरची. मग तो पॅनेलकडे वळतो. एज फाइंडरने कडा शोधून एक्स-वायचा झिरो घेतो, जी ५४ मध्ये आकडे टाकतो, एकेका टूलची लांबी घेऊन ऑफसेट टाकतो. प्रोग्राम सिंगल ब्लॉकवर, फीडचा नॉब खाली ठेवून, एकेक ओळ पुढे सोडतो. पहिला पीस निघतो. बोअर मोजला तर वीस मायक्रॉनने कमी भरतो. ऑफसेट देतो, दुसरा पीस काढतो, तो मापात येतो. क्वालिटीचा माणूस पीस घेऊन जातो, सही होते. त्यानंतर सेटर ऑपरेटरला म्हणतो, 'सेट आहे, घे चालवायला.'

वाटणी आता स्पष्ट होते. जागेवर नेऊन टेकवणे हे 'बसवणे'. मापात आणून, माप पुन्हा पुन्हा तेच निघेल याची खात्री करून, दुसऱ्याच्या हाती देण्याजोगे करणे हे 'सेट करणे'. याला साधी कसोटी आहे. 'बसवलंय, पण अजून सेट नाही' हे वाक्य कोणत्याही शॉपमध्ये चालते. 'सेट आहे, पण बसवलं नाही' हे कोणीच म्हणत नाही. उसने क्रियापद आले म्हणून घरचे क्रियापद मेले, असे झाले नाही. घरच्याने हाताचे काम स्वतःकडे ठेवले, मोजमापाचे आणि खात्रीचे काम पाहुण्याकडे गेले. 'जुळवणे' हा शब्दही उमेदवार होता. पण पट्ट्यात 'जुळणे' म्हणजे दोन वस्तूंनी एकमेकींना जुळणे, छिद्रावर छिद्र येणे. 'होल जुळत नाहीये' ही तक्रार असेंब्लीवर रोज ऐकू येते. ती जागा भरलेली असल्याने 'जुळवणे'ला दुसरीकडे जायला सवड नव्हती. शब्द असे एकमेकांना सरकवून जागा करून घेतात, आणि ते पाहणे हाच या अभ्यासातला पहिला आनंद आहे.

दुसरा आनंद व्याकरणाचा, आणि माझ्या मते तो मोठा. इंग्रजी क्रियापद मराठीत क्रियापद म्हणून सहसा येत नाही. 'सेटणे' असे कोणी म्हणत नाही. ते येते नामासारखे आणि उभे राहते मराठी क्रियापदाच्या खांद्यावर : सेट करणे, चेक करणे, लोड करणे. भाषाशास्त्रात अशा आधार देणाऱ्या क्रियापदाला हलके क्रियापद म्हणतात; येस्पर्सन या डॅनिश पंडिताने इंग्रजीच्याच संदर्भात १९४२ मध्ये ही संज्ञा वापरली. नाव काहीसे अन्यायाचे आहे. काळ, पुरुष, लिंग, वचन, आदर, संशय, वैताग हे सगळे तेच वाहते. मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त संयुक्त क्रियापदांचा सविस्तर ऊहापोह आहे. या क्षेत्रात येणाऱ्याने तो भाग आधी वाचावा आणि मग सरळ शॉपमध्ये जावे.

कारण तिथे नुसते 'करणे' नाही. वेल्डिंग केले जाते, पण टॅक मारला जातो. ड्रिल मारतात, टॅप मारतात, ग्रीस मारतात, अलार्म आला की रिसेट मारतात. ऑफसेट टाकतात किंवा देतात, झिरो घेतात, कट घेतात, फीड देतात, डायल लावतात. ही निवड लहरीवर नाही. एका झटक्यात, एका दाबात, एका फटक्यात होणारे काम 'मारणे'कडे जाते. लांबण असलेले, टप्प्याटप्प्याने होणारे काम 'करणे'कडे. ठेवून द्यायची, नंतर काढून घ्यायची वस्तू 'लावणे'कडे. म्हणून 'मशीन सेट मार' असे कधी कानावर येत नाही आणि 'रिसेट मार' दिवसातून शंभरदा येते. दोन्हींत इंग्रजी धातू एकच, पण एकाला सोबती वेगळा मिळाला, कारण एकात अर्धी पाळी जाते आणि दुसऱ्यात अंगठा. 'ब्रेक लावला' आणि 'ब्रेक मारला' यांतला फरक मोटारसायकलवर मागे बसलेल्या कोणालाही कळतो. 'टॅक मार'मागे शिवणाचा आणि डाग देण्याचा 'टाका' उभा आहे. काही जुने वेल्डर तर सरळ 'टाका मार' म्हणतात, आणि तिथे इंग्रजी कुठे संपते नि मराठी कुठे सुरू होते हे ठरवणारा कोशकार अजून जन्मायचा आहे.

हे सगळे नवे आहे असेही समजू नये. फारसीशी आपण हाच व्यवहार काही शतके केला. कबूल करणे, जमा करणे, रवाना होणे, हजर होणे, सुरू करणे, बंद करणे. खुद्द फारसीतही नामाला 'कर्दन' म्हणजे करणे जोडूनच क्रियापदे होतात, त्यामुळे सोयरीक सहज जमली. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला तेव्हा फारसी संज्ञांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. करणे-होणेला हात लावायची वेळच आली नाही, ते आपलेच होते. माधव जूलियनांच्या १९२५ च्या फारसी-मराठी कोशाची पाने चाळली तर हा व्यवहार किती खोलवर गेला ते दिसते. फारसी-अरबी शब्दांपैकी काही पुढे इतके मुरले की त्यांना आधाराची गरज उरली नाही : बदलणे, खर्चणे, फर्मावणे. इंग्रजी शब्दांनी हा उंबरठा अजून क्वचितच ओलांडला आहे. का, हा चांगला प्रबंधाचा विषय आहे. माझा अंदाज असा की इंग्रजीचे मूळ रूप शाळेमुळे, पॅनेलवरच्या अक्षरांमुळे, ड्रॉइंगमुळे रोज डोळ्यांसमोर राहते. ज्या शब्दाची मूळ पाटी रोज दिसते तो मुरायला वेळ लागतो.

आधाराच्या क्रियापदात बोली कशी टिकते ते तर ऐकण्याजोगे आहे. पट्ट्यात लातूर-बीडकडचे आहेत, जळगाव-धुळ्याचे आहेत, अमरावती-यवतमाळचे आहेत, खेड-जुन्नरचे तर आहेतच. खेडचा म्हणतो, 'मशीन सेट करतोय.' लातूरचा म्हणतो, 'सेट करायलोय.' यवतमाळचा म्हणतो, 'सेट करून राहिलो.' अहिराणी बोलणारा आपल्या माणसाला सांगतो, 'सेट करी ऱ्हायनू.' 'सेट' चौघांच्याही तोंडी एकच. गाव कळते ते पुढच्या शब्दावरून. शेजारचा बिहार-ओडिशाकडचा हेल्पर 'सेट कर रहा हूँ' म्हणतो तेव्हा पहिल्या शब्दाने काम होऊन जाते आणि उरलेले ज्याचे त्याच्याकडे राहते. वीस-पंचवीस जिल्ह्यांची माणसे एका लाइनवर उभी करायची तर असा एक कोणाच्याच गावचा नसलेला शब्द मधे लागतो. इंग्रजी क्रियापदांनी इथे काय केले, याचे हे मला सर्वांत पटणारे उत्तर आहे.

लिंगाचा प्रश्न अजून मिटलेला नाही, आणि तो मिटायच्या आत कोणीतरी टिपून ठेवावा अशी माझी फार इच्छा आहे. 'सेटिंग चुकली' आणि 'सेटिंग चुकलं' दोन्ही ऐकू येतात. 'मशीन बंद पडली' आणि 'मशीन बंद पडलं' हेही. वयावर जाते, जिल्ह्यावर जाते, की हिंदी बोलणाऱ्या सोबत्यांच्या संख्येवर जाते? एका पाळीच्या बसमध्ये कान देऊन बसले तरी अर्धे उत्तर हाती लागेल.

मग येते 'करणे' आणि 'होणे' यांच्यातली निवड, जिथे व्याकरण जबाबदारीत शिरते. माप बरोबर आले की 'मी सेट केलं'. माप गेले की 'ऑफसेट हलला', 'साइज गेला', 'टूल तुटलं'. कर्ता अदृश्य होतो. हा पळपुटेपणा आहे असे मला वाटत नाही. इन्सर्टची धार झिजते, कूलंट तापते, सकाळच्या थंड मशीनचे आणि दुपारच्या तापलेल्या मशीनचे माप वेगळे येते. ऑफसेट खरोखरच कोणी न हलवता हलल्यासारखा वागतो. अनुभवी सेटर पाळी सोडताना पुढच्याला सांगतो, 'चौथ्या टूलकडे लक्ष ठेव, खातोय.' या 'खातोय'ला कोणत्याही मॅन्युअलमध्ये प्रतिशब्द नाही. पण त्याच वाक्यांचा चौकशीच्या टेबलावर वेगळा अर्थ लागतो. 'टूल तुटलं' असे लिहिलेल्या लॉगबुकपुढे बसलेला सुपरवायझर 'कोणी तोडलं?' असे विचारतो आणि सगळी मराठी प्रयोगव्यवस्था, कर्तरी-कर्मणी-भावे, त्या एका प्रश्नात कामाला लागते.

लॉगबुकाचा उल्लेख आला म्हणून आणखी एक. शिफ्टच्या वहीत 'सेटिंग' हा बहुधा वाया गेलेल्या वेळेचा रकाना असतो. मशीन थांबलेले, पीस निघत नाहीत, म्हणजे तोटा. शिगेओ शिंगो या जपानी अभियंत्याने टोयोटात १९७० च्या सुमारास हजार टनी प्रेसची डाय बदलण्याचे काम चार तासांवरून तीन मिनिटांवर आणले. मशीन थांबवूनच करावी लागणारी कामे कोणती आणि ते चालू असताना उरकता येणारी कोणती, हे त्याने वेगळे काढले. नवी डाय, बोल्ट, पाने सगळे आधीच जवळ आणून ठेवले. ही पद्धत पुढे जगभर गेली आणि पट्ट्यातल्या प्रेस शॉपांतही आली. म्हणजे ज्या 'सेटिंग'वर सेटरची पत उभी आहे, तेच व्यवस्थापनाला शक्य तितके कमी करायचे असते. एकच शब्द, पण पगाराच्या स्लिपवर तो कौशल्य आणि महिन्याच्या मीटिंगमध्ये नुकसान. कामाच्या मराठीत असे दोन तोंडांचे शब्द बरेच आहेत. कोण कोणाशी बोलतोय हे टिपल्याशिवाय त्यांचा अर्थ लिहू नये.

गेटच्या बाहेर 'सेट' वेगळीच वळणे घेतो. 'पोरगं चाकणला सेट झालं' असे गावाकडची आई सांगते तेव्हा परमनंट नोकरी, भाड्याची का होईना खोली, आणि आता मुलगी बघायला हरकत नाही, इतके सगळे त्यात येते. इथे 'सेटल'ची छाया आहे. इंग्रजीत ते दोन शब्द मुळात नात्यातलेच, बसण्याच्या कुळातले. गंमत म्हणजे आपल्याकडेही 'बस्तान बसणे' आहे, 'जम बसणे' आहे, 'घडी बसणे' आहे. सगळीकडे बसणेच. तरी 'सेट होणे'ने आत शिरकाव केला, कारण जम धंद्याचा बसतो, घडी संसाराची बसते. परमनंट ऑर्डर हातात पडण्याच्या त्या एका क्षणाला घरचा शब्द तयार नव्हता. काँट्रॅक्टवर दर सहा-सात महिन्यांनी ब्रेक घेत फिरणारा मुलगा 'सेट झालो' असे स्वतःबद्दल सहसा म्हणत नाही. 'लागलोय' म्हणतो. 'लागणे' आणि 'सेट होणे' यांच्यामधले अंतर म्हणजे पट्ट्यातल्या रोजगाराचा इतिहास आहे, आणि तो आकडेवारीच्या आधी या दोन क्रियापदांत कळतो.

काँक्रीट सेट होते, चिकटवलेला सांधा सेट होतो, तो अर्थ इंग्रजीतून जसाच्या तसा आला. त्यावर थांबत नाही. 'सेटिंग लावणे' मात्र भारताच्याच मातीत तयार झालेला अर्थ. 'आत सेटिंग आहे का?' असा प्रश्न भरतीच्या दिवसांत गेटबाहेर कुजबुजला जातो तेव्हा त्यात ओळख, चिठ्ठी, कधी पैसे, सगळे येते. पोरांच्या बोलण्यात हेच 'सेटिंग' प्रेमप्रकरणालाही लागते. हिंदीतही ते आहे, आणि कोणी कोणाकडून घेतले हे सांगणे अवघड. पण यंत्राच्या अर्थाशी त्याचा धागा तुटलेला नाही. बाहेरून दिसत नाही असे काहीतरी आतून जुळवून ठेवायचे, मग हवे ते बरोबर निघते, ही कल्पना दोन्हींत आहे. 'करणे' जाऊन इथे 'लावणे' आले, याकडेही लक्ष असू द्यावे. सापळा लावतात, वशिला लावतात, तसेच सेटिंग.

या अभ्यासाकडे येणाऱ्याला दोन-तीन सावधगिरीच्या गोष्टी सांगायला हव्यात. पहिली ही की शब्दांच्या याद्या करू नका. 'सेट – बसवणे, लावणे' अशी ओळ वहीत लिहिली तर वरचे काहीच हाती राहत नाही. वाक्य अख्खे टिपा, त्यातले मराठी क्रियापद अधोरेखित करा, बोलणारा कोण, ऐकणारा कोण, पाळी कोणती, मशीन कोणते ते शेजारी लिहा. सेटरला हेल्पर 'दादा' म्हणतो की 'भाऊ' की 'सर', हेही लिहा. इंजिनिअरशी बोलताना त्याच सेटरचे 'सेट झालं' एकदम 'सेटिंग कम्प्लीट आहे सर' होते, आणि तो फरक म्हणजे अर्धा समाजशास्त्राचा धडा. दुसरी, बऱ्याच कारखान्यांत शॉपवर मोबाइल नेऊ देत नाहीत, आणि नेऊ दिला तरी कामावरच्या माणसाचे बोलणे न सांगता टिपणे चुकीचे. कँटीन, कंपनीची बस, चहाची टपरी, सुटीच्या दिवशीची खोली, तिथे विचारून बसा. माणसे आपल्या कामाबद्दल बोलायला आतुर असतात. आजवर कोणी विचारलेले नसते. तिसरी, बायकांच्या लाइन विसरू नका. वायर हार्नेस, इलेक्ट्रॉनिक्स, पॅकिंग अशा ठिकाणी मोठ्या संख्येने मुली काम करतात, आणि त्यांच्या बोलण्यातले 'मारणे'चे प्रमाण पुरुषांच्या बोलण्याइतकेच आहे का, हा प्रश्न मी कित्येक विद्यार्थ्यांपुढे टाकला आहे.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांशी माझे भांडण नाही. संधाता हा शब्द मला आवडतो. कातारी तर फारच. पण शब्द घडवणाऱ्या समित्यांनी नामांकडे पाहिले आणि क्रियापदांकडे कमी, हे त्यांच्या कामातले खरे वैगुण्य आहे. माणसाला वेल्डरला काय म्हणायचे याची अडचण कधी नव्हती. वेल्डिंग 'करायचे' की 'मारायचे', हे त्याने स्वतःच ठरवले, आणि ते ठरवताना त्याने मराठीच वापरली. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी मराठी धातूंचा कोश रचला. त्याला आजच्या काळाची पुरवणी जोडायची तर ती भोसरी-चाकणच्या शॉपांतून जमवावी लागेल.

कुठून सुरुवात करावी, असे विचाराल तर मी 'सेट'पासून करा असे आता म्हणणार नाही. 'सेट' रुजला, त्याचे सोबती ठरले. चाकणच्या वेल्ड शॉपांत सध्या एक नवे क्रियापद फिरते आहे. रोबोटचा हात हव्या त्या जागी नेऊन ती जागा त्याच्या स्मरणात घालण्याला इंग्रजीत 'टीच' म्हणतात, आणि हातातल्या कंट्रोलला टीच पेंडंट. कोणी म्हणतो, 'पॉइंट टीच केला.' कोणी म्हणतो, 'पॉइंट दिला.' कोणी 'पॉइंट घेतला', म्हणजे शिकवणारा कोण नि शिकणारा कोण हेच उलटे. 'रोबोटला शिकवलं' असे म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. पहिल्या तिहींपैकी कोणते टिकेल ते पुढच्या काही वर्षांत ठरेल. पहिल्या पाळीची बस सकाळी लवकर सुटते. वही घेऊन निघावे.